बाहेरून आणलेली बाळे

जुन्या घराण्यांचे कुलवृत्तान्त चाळणाऱ्यास एक गोष्ट लवकरच लक्षात येते. वंशावळीच्या फांद्या पसरत जातात आणि मध्येच एखादी फांदी दोन शब्दांवर थांबते : ‘बालपणी निवर्तला’. क्वचित ‘अल्पायुषी’. मुलगा असेल तर निदान एवढी नोंद; मुलगी असेल तर बहुधा तीही नाही. डिचोली आणि पेडणे महालांत पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घराण्यांच्या कागदांत अशा थांबलेल्या फांद्या जवळजवळ प्रत्येक पिढीत सापडतात. कोणत्या दुखण्याने, कोणत्या ऋतूत, कोणाच्या मांडीवर तो जीव गेला, हे कोणी लिहून ठेवले नाही. लिहिण्यासारखे ते वाटलेच नसावे. पावसाळ्यात ताप भरला, अंगारा लावला, वैद्याकडे माणूस धाडला, ओहोळाला पाणी चढले म्हणून तो उशिरा परतला. यापलीकडे त्याचा इतिहास नाही.

त्या काळी मूल घरात दगावत असे. दोष कोणाचा, हा प्रश्न उद्भवत नसे, कारण उत्तर द्यायला दैवाखेरीज कोणी नव्हते. गेल्या साठ वर्षांत ही स्थिती पार पालटली. २०२० सालच्या राष्ट्रीय नमुना नोंदणीनुसार गोव्यातील बालमृत्यूचे प्रमाण हजार जन्मांमागे ५ होते, आणि त्याच वर्षी संपूर्ण देशाचे २८. हा बदल लहान नव्हे. आमच्या पिढीने तो डोळ्यांदेखत घडताना पाहिला आहे. परंतु या बदलाबरोबर आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. आजारी मूल आता घरात राहत नाही. आईच्या कुशीतून काढून ते एका काचेच्या दाराआड, यंत्रांच्या सोबतीस, अनोळखी माणसांच्या हाती सोपवले जाते. ज्या घटकेला ते दार लागते, त्या घटकेपासून त्या जिवाचे उत्तरदायित्व कुटुंबाकडून शासनाकडे जाते. ते शासन कसे पार पाडते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम आपल्या भागाची वाट पाहू. पोर्तुगीज अमलात १८४२ साली पणजीस वैद्यकीय शाळा निघाली. पाश्चात्त्य वैद्यकाच्या आशियातील जुन्या शाळांत तिची गणना होते आणि गोमंतकीयांस तिचा सार्थ अभिमान आहे. पण शाळा पणजीस, आणि नव्या काबिजादींतील वस्ती डोंगराच्या कुशीत. महालात सरकारी आरोग्याधिकारी असे, पण त्याच्या एकट्याच्या हातून असे कितीसे होणार? बाळंतपणे सुईणीच्या, कोकणीत म्हणायचे तर वयजिणीच्या, हाती होती. त्यांपैकी काही हात विलक्षण कुशल होते, हेही नमूद केले पाहिजे. मुक्तीनंतर १९६३ साली त्या शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. त्यालाच आपण ‘गोमेकॉ’ म्हणतो. पुढे ते पणजीतून बांबोळीच्या पठारावर गेले. दरम्यान जुलै १९८६ मध्ये मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा इस्पितळ पणजीतच होते. नदीपलीकडे जायचे तर फेरीबोट, नाही तर फोंड्याकडून लांबचा वळसा. आपल्या बाजूच्या माणसांनी त्या दिवसांत आजारी मुलांना घेऊन धक्क्यावर काढलेल्या रात्री अद्याप पुष्कळांच्या स्मरणात असतील.

लाटंबार्से गाव डिचोली तालुक्याच्या उत्तर टोकास, दोडामार्गच्या सीमेला लागून. कासारपालच्या कालिकादेवीमुळे गावाचे नाव दूरवर ठाऊक असले, तरी नवजात अर्भकास श्वास लागला तर येथून बांबोळीस पोहोचायचे म्हणजे अस्नोडा, थिवी, म्हापसा, पर्वरी आणि मांडवीचा पूल, एवढी वाट काटावी लागते. २००८ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गोव्यात सुरू झाली, त्यामुळे ही वाट पुष्कळ सुसह्य झाली. वाट सुसह्य झाली म्हणून मुले अधिक संख्येने मोठ्या इस्पितळात पोहोचू लागली. आणि येथूनच आमच्या विषयास आरंभ होतो.

नवजात अर्भकांच्या विशेष काळजी कक्षाचे शासकीय व्यवस्थेत दोन भाग असतात. एकास ‘इनबॉर्न’ म्हणतात, दुसऱ्यास ‘आउटबॉर्न’. त्याच इस्पितळात जन्मलेली बाळे पहिल्या भागात. अन्यत्र, म्हणजे घरी, वाटेत, गावच्या आरोग्य केंद्रात किंवा खाजगी प्रसूतिगृहात जन्मून नंतर आणलेली बाळे दुसऱ्या भागात. या विभागणीमागील कारण शास्त्रीय आहे. बाहेरून आलेल्या बाळाबरोबर जंतुसंसर्ग येण्याचा संभव अधिक, म्हणून त्याला वेगळे ठेवायचे. कारण योग्य आहे. पण परिणाम असा की आउटबॉर्न भागातले बाळ सर्वार्थाने परके असते. त्याची आई पुष्कळदा दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच खाटेवर असते. बाप बाहेरच्या बाकावर. लाटंबार्से, इब्रामपूर किंवा मोर्ले येथून निघालेले प्रत्येक तान्हे मूल मोठ्या इस्पितळाच्या दृष्टीने आउटबॉर्नच होय. म्हणून पुढील हकीकत दूरच्या जिल्ह्यातील असली, तरी ती आपणांस परकी नाही.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकास भंडारा हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. तलावांचा, भाताचा आणि पितळेच्या भांड्यांचा तो प्रदेश. तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी, रात्री दीड-दोनच्या सुमारास आग लागली. कक्षात १७ बाळे होती. इनबॉर्न भागातील ७ बाळांना बाहेर काढता आले. आउटबॉर्न भागातील १० बाळे दगावली. त्यांपैकी ३ भाजून आणि ७ धुराने गुदमरून गेली, असे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. एका दिवसापासून दोन-तीन महिन्यांपर्यंतची ती मुले. एका भिंतीच्या अलीकडची सर्व वाचली आणि पलीकडची सर्व गेली. इनबॉर्न आणि आउटबॉर्न या दोन शब्दांचा इतका क्रूर अर्थ कागद तयार करणाऱ्यांच्या मनात कधीही आला नसेल.

आता आग लागली कशी, हे समजून घेतले पाहिजे, कारण ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे विचार थांबतो. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. त्याला उघड्या पाळण्यात ठेवून वरून विजेच्या उष्णतेने ऊब देतात. त्या यंत्रास ‘वॉर्मर’ म्हणतात. भंडाऱ्याच्या चौकशीत आगीचा उगम अशाच एका यंत्राशी असल्याचे पुढे आले. हे यंत्र महिनोन्‌महिने, रात्रंदिवस, न थांबता चालते. त्याच्या बाजूस नाडी आणि श्वास दाखवणारे यंत्र, सलाईन मोजून सोडणारा पंप, काविळीसाठी निळ्या प्रकाशाचा दिवा; या सर्वांच्या तारा एकाच भिंतीवरच्या चार-पाच जोडण्यांत गेलेल्या. भर म्हणून तेथे प्राणवायू असतो. नेहमीच्या हवेत प्राणवायू शेकडा २१ भाग असतो. बंद खोलीत तो थोडा जरी वाढला तरी जे एरवी धुमसत राहील ते भडकते. गादी रबरी स्पंजाची, पाळण्याच्या कडा प्लास्टिकच्या. हे पदार्थ जळताना जो धूर होतो तो मोठ्या माणसालाही दोन-चार मिनिटांत बेशुद्ध करतो. मोठा माणूस निदान खोकतो, ओरडतो, दाराकडे धावतो. दीड किलोचे बाळ काय करणार?

म्हणूनच अशा कक्षात धूर ओळखून घंटा वाजवणारे साधन, आपोआप पाणी सोडणारी व्यवस्था, दुसरे दार आणि अखंड जागे माणूस, या गोष्टी चैनीच्या नसतात. भंडाऱ्याच्या इमारतीत आग विझवण्याची पुरेशी यंत्रणा नव्हती आणि ती बसवण्याचा सुमारे दीड कोटी रुपयांचा प्रस्ताव काही महिन्यांपूर्वीच वर पाठवला गेला होता, पण मंजूर झाला नव्हता, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले.

या एका वाक्याशी आम्ही थोडे थांबू इच्छितो. आमची उमेदीची वर्षे सरकारी कागदांत गेली, तेव्हा हा प्रांत आम्हांस परिचित आहे. इमारतीत अग्निशामक यंत्रणा बसवायची तर प्रथम संस्थेने मागणी करायची. मग बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेने अंदाजपत्रक करायचे. अग्निशमन खात्याने अभिप्राय द्यायचा. त्या अभिप्रायानुसार अंदाजपत्रक सुधारायचे, म्हणजे रक्कम वाढणार, म्हणजे मंजुरीचा अधिकार वरच्या अधिकाऱ्याकडे जाणार. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, वित्त खात्याची टिपणी : ‘खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली भागवणार, खुलासा व्हावा.’ खुलासा जाईपर्यंत मार्च उलटतो आणि नव्या वर्षाच्या दरसूचीनुसार अंदाजपत्रक पुन्हा करावे लागते. यातील एकही पायरी निरर्थक नाही. प्रत्येक पायरीवर बसलेला माणूस आपले काम नियमाने करीत असतो, आणि सार्वजनिक पैसा असा तपासून खर्च व्हावा हेच योग्य आहे. तरीही सर्व पायऱ्या मिळून जो काळ लागतो, त्या काळात कक्ष बंद ठेवला जात नाही. तो त्याच तारांवर, त्याच एका दारासह चालू राहतो. त्या मधल्या काळाची जोखीम कोणाच्या नावावर, हा रकाना आम्ही कोणत्याही टिपणीत कधी पाहिला नाही.

दुर्घटनेनंतर मात्र नावे लवकर सापडतात. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २१ जानेवारी २०२१ रोजी कारवाई जाहीर झाली : जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित, काही अधिकाऱ्यांवर बदली वा निलंबनाची कारवाई, आणि कंत्राटी परिचारिकांची सेवा समाप्त. पुढे फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्या रात्री आउटबॉर्न भागात पाहणारे कोणी नव्हते, असा ठपका होता. ठपका खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. नेमून दिलेली जागा सोडली असेल तर तो गंभीर दोषच होय, आणि ज्यांची बाळे गेली त्यांच्यापुढे त्याचे समर्थन कोणी करू नये. पण कंत्राटी वेतनावर रात्रपाळी करणाऱ्या दोन स्त्रियांच्या डोळ्यांवर १७ अर्भकांची सुरक्षितता उभी करायची, धुराची घंटा बसवायची नाही, आणि डोळा चुकला की न्यायालयात उभे करायचे त्या डोळ्यांना, ही व्यवस्था आम्हांस न्याय्य वाटत नाही. प्रस्तावाच्या फाईलवर ज्यांच्या सह्या होत्या किंवा व्हायच्या राहिल्या, त्यांची कोणाला रात्रपाळी नव्हती.

मृत बालकांच्या कुटुंबांना राज्य शासनाने प्रत्येकी ५ लाख रुपये दिले, पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले. राज्यातील सर्व रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. आदेश तत्परतेने निघतात, याविषयी कोणाची तक्रार नसावी. त्याच वर्षी २६ मार्चच्या पहाटे मुंबईत भांडुप येथील मॉलमधील रुग्णालय जळाले. २३ एप्रिलला विरार येथील अतिदक्षता विभागात १५ रुग्ण गेले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ११. दोन दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, भोपाळच्या कमला नेहरू इस्पितळात नवजात कक्ष पेटला आणि अर्भके दगावली. २५ मे २०२४ रोजी दिल्लीत विवेक विहार येथील एका खाजगी अर्भकालयात तेच घडले. त्याचा परवाना दोन महिन्यांपूर्वीच संपला होता आणि पाच खाटांच्या परवान्यावर तेथे बारा बाळे होती. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात १० बाळे गेली. तारखा लिहितानाच हात जड होतो. आग नव्हे, पण प्राणवायूच्या टाकीतील गळतीने २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात २२ हून अधिक रुग्णांचा प्राण गेला, तीही नोंद येथेच केली पाहिजे.

या कक्षांत इतकी गर्दी का होते, हेही पाहणे अगत्याचे आहे. फार मागे जायला नको. नव्वदच्या दशकापर्यंत जिल्हा रुग्णालयांत नवजात अर्भकांसाठी वेगळी जागा क्वचितच असे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ पासून गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी अर्भकांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले आणि जन्मानंतरचा पहिला महिना हाच खरा धोक्याचा, हे सर्वांना मान्य झाले. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली. प्रसूती रुग्णालयातच व्हावी म्हणून उत्तेजन मिळाले. पश्चिम बंगालमधील पुरुलियाच्या धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष निघाले. धोरण उत्तम होते आणि त्याने लाखो मुले वाचली. मात्र कक्ष निघाले ते बहुधा जुन्याच इमारतीत, एखादा वॉर्ड मध्ये भिंत घालून दोन भागांत विभागून. ज्या तारा पंख्यांसाठी आणि दिव्यांसाठी घातल्या होत्या त्यांवर वॉर्मर चढले. बारा बाळांसाठी आखलेल्या जागेत वीस येऊ लागली, कारण दाराशी आलेल्या बापाला ‘जागा नाही’ असे सांगण्याचे धैर्य कोणत्याही डॉक्टरास होत नाही, आणि होऊही नये.

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली. २४ खाटांच्या नवजात कक्षात त्या वेळी ६० हून अधिक बाळे होती, असे न्यायालयापुढे आले. तेथे आग लागली नव्हती. औषधांची खरेदी रखडलेली, पदे रिकामी आणि खाटेमागे अडीच बाळे, एवढ्याने काम भागले. एका लोकप्रतिनिधीने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले, ते दृश्य सर्व देशाने पाहिले. त्याने कोणाचे बाळ वाचले, हे आम्हांस उमगले नाही. गोरखपूरच्या इस्पितळात ऑगस्ट २०१७ मध्ये दोन दिवसांत तीसच्या वर मुले गेली, तेव्हा प्राणवायू पुरवणाऱ्याची देयके कित्येक महिने थकली होती. मृत्यू प्राणवायूअभावी झाले नाहीत असे तेथील शासनाने सांगितले. देयके थकली होती हे मात्र कागदावरच होते.

वाचकांपैकी जे आमच्या वयाचे आहेत त्यांना १९८६ सालचे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्रकरण आठवत असेल. मेंदूवरील दाब उतरण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले आणि १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी चौकशी केली. औषध खरेदी, तपासणी आणि मंत्रालय या तिन्ही ठिकाणचा सैलपणा त्यांनी निर्भीडपणे मांडला. इतका स्पष्ट अहवाल आपल्याकडे विरळा. एकोणचाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील मुलांना खोकल्याच्या औषधातून तेच द्रव्य गेले. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतली पुष्कळ मुले अखेरच्या घटका मोजत नागपूरच्या इस्पितळांत आणली गेली होती. भंडाऱ्याहून नागपूर तासा-दीड तासावर. तीही बाहेरून आणलेलीच मुले.

आपल्या गोव्याकडे वळताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. येथे नवजात कक्षात अशी आग लागलेली नाही, आणि कमी बालमृत्यूचे श्रेय ज्या डॉक्टरांना व परिचारिकांना आहे त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचा आमचा हेतू नाही. तथापि मे २०२१ च्या त्या रात्री विसरता येत नाहीत. कोविडच्या लाटेत गोमेकॉत रात्री दोन ते पहाटे सहा या वेळात २६ रुग्ण दगावल्याचे ११ मे रोजी खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. पुढल्या तीन रात्रींत आणखी सुमारे पन्नास. प्राणवायूचे सिलिंडर ट्रॉलीवर बदलताना नळीतील दाब उतरतो, ही गोष्ट पणजीच्या उच्च न्यायालयात रात्र रात्र चर्चिली गेली. मग २०,००० लिटरची टाकी बसली. ती टाकी बसवणे आधी शक्य नव्हते काय? ज्या वेगाने ती त्या आठवड्यात बसली, त्यावरून तरी तसे दिसत नाही. भंडाऱ्याची वेळ दीड-दोन, येथील दोन ते सहा. रात्रीच्या त्या प्रहरात इस्पितळात वरिष्ठ कोणी नसतो, हे कारण की योगायोग, याचा निवाडा वाचकांनी करावा.

पेडण्याची गोष्ट निराळी. तुये येथे इस्पितळाची इमारत उभी राहूनही ते पूर्णपणे चालू व्हावे म्हणून तेथील लोकांना वर्षानुवर्षे मागणी आणि आंदोलने करावी लागली. इमारत जवळ आणि बाळ दूरच्या वाटेवर, असा हा प्रकार. आणि सीमेपलीकडच्या दोडामार्गचे काय? तेथील लोकांचे मोठे इस्पितळ बांबोळीच. गोमेकॉने परप्रांतीयांना शुल्क लावले तेव्हा २०१८ साली दोडामार्गात मोठे जनआंदोलन झाले. लाटंबार्सेतल्या कित्येक घरांच्या लेकी-सुना सीमेपलीकडच्या. एकाच आजीची दोन नातवंडे, एक ओढ्याच्या अलीकडे जन्मलेले आणि दुसरे पलीकडे. इस्पितळाच्या खिडकीवर मात्र दोन वेगळ्या राज्यांचे रुग्ण. आउटबॉर्न या शब्दाला येथे आणखी एक अर्थ प्राप्त होतो.

उपाय म्हणजे केवळ यंत्रे असे समजण्याचे कारण नाही. कोलंबियाच्या बोगोता शहरात १९७८ च्या सुमारास डॉ. एडगार रे सानाब्रिया यांनी, पेट्या पुरत नाहीत म्हणून, कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तिला ‘कांगारू पद्धती’ म्हणतात. आपल्या आज्यांना हे वेगळे शिकवावे लागले नसते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात जन्मतःच, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, आई किंवा तिच्या जागी दुसरे कोणी बाळाला उराशी घेऊन कक्षातच राहिले, तेव्हा मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटले. त्यासाठी आईची खाट कक्षात आणावी लागते. भारत सरकारनेही २०१७ साली कुटुंबास कक्षात सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. या पद्धतीचा एक लाभ अभ्यासकांच्या कोष्टकांत नसेल, पण भंडाऱ्याच्या संदर्भात तो आम्हांस फार मोठा वाटतो : कक्षात दहा बाळे असतील तर तेथे दहा आया असतील. धुराची पहिली रेघ दिसताच दहापैकी एक तरी जागी असेल, आणि ओरडेल. संसर्गाच्या भीतीने आईला बाहेर ठेवण्याची जी शिस्त आपण साहेबांच्या इस्पितळांकडून घेतली, तिचा फेरविचार आता शास्त्रच करू लागले आहे.

डिचोलीचे सामाजिक आरोग्य केंद्र, म्हापशाचे जिल्हा इस्पितळ आणि बांबोळी, ही आपल्या मुलांची तीन स्थानके. या तिन्ही ठिकाणी मुलांच्या विभागाची विद्युत तपासणी शेवटची कधी झाली? अग्निशमन खात्याने कोणते दोष दाखवले आणि त्यांपैकी कोणते दूर झाले? कक्ष किती बाळांसाठी मंजूर आहे आणि गेल्या वर्षी एका दिवशी जास्तीत जास्त किती होती? रात्री एका परिचारिकेमागे किती? दुसरे दार आहे काय, आणि त्याची किल्ली रात्री कोणाजवळ असते? हे प्रश्न विचारण्यास वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. ग्रामसभेत ते विचारता येतात. पंचायत ते पुढे पाठवू शकते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली कोणीही नागरिक ते लेखी विचारू शकतो. शुल्क नाममात्र असते आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. माहिती कोणाच्या जीविताशी संबंधित असेल तर त्याच कायद्यात अठ्ठेचाळीस तासांची मुदत सांगितली आहे. अर्जात प्रश्न सुटे आणि क्रमांक घालून लिहावेत, ‘सविस्तर माहिती मिळावी’ असे मोघम लिहू नये. मोघम प्रश्नास मोघम उत्तर देण्याची सोय कार्यालयास असते. आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये.